पहिल्या रात्री पिशवी चाचपायची

कोंबडीच्या नवीन लॉटची पिल्लं आली की आमच्या घरात दोन तट पडतात. नवऱ्याचा भरवसा थर्मामीटरवर, सासऱ्यांचा कानावर. मी दोघांचंही ऐकून घेते, पण रात्री शेडमध्ये एकटी असले की सासऱ्यांकडे झुकते.

आकडा खोटा नसतो. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या बल्बच्या छत्रीखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पण थर्मामीटर टांगल्या जागेपुरतं बोलतो. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून कलकलाट करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेच्या पत्र्याला चिकटून चोच वासून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच अंगाला गोळा झाली तर कुठून तरी वारा शिरतोय, तो शोधा. आणि सगळीकडे पांगलेली, काही टिपतायत, काही पाय ताणून खुशाल झोपलीत, असं दिसलं की आपणही झोपायला जावं. चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचा हा पत्र्याचा आडोसा, गोल लावतात तोही उगाच नाही. कोपरा मिळाला की तिथे दाटी होते आणि खालची गुदमरतात.

पेट्या उघडल्या की आधी पाणी, मग दाणा. शिल्लक बलक पोटात घेऊनच पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, म्हणून दोनेक दिवसांचा प्रवास ते काढतं. ‘काढतं’ एवढंच, त्यावर विसंबून उशीर करणाऱ्यांचा मला राग येतो. पाणी गार नको. थोड्यांच्या चोची बुडवून दाखवल्या की बाकीची बघून पितात. सुरुवातीला तुसावर कागद अंथरायचा, नाहीतर तूसच खात बसतात. पण कागद खरखरीत हवा, गुळगुळीतवर पाय फाकतात.

रात्री मी गळ्याखालची पिशवी चाचपते. पिल्लू मुठीत धरायचं आणि बोटाने हलकेच दाबून बघायचं. भरलेली आणि मऊ लागली तर दाणा-पाणी दोन्ही पोचलंय. आतला दाणा कोरडा, टणक लागला तर पाणी कमी पडतंय. नुसतीच लिबलिबीत असेल तर पाण्यावरच भागवलंय, दाणा सापडलेला नाही. रिकामी पिशवी असलेलं पिल्लू तिथेच पाण्याजवळ नेऊन ठेवायचं. ब्रूडरजवळचीच चार उचलून ‘सगळं ठीक’ म्हणण्यात अर्थ नाही, कडेची धरायची. हातात आहे तोवर शेपटीखालीही बघून घ्यावं. विष्ठा वाळून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढते. ओढायची नाही, कातडी सोलते.

मग लसी सुरू होतात, राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरचा थेंब डोळ्यात वगैरे. भांडी गळून तूस ओलं राहिलं तर रक्ती हगवण ठरलेली, म्हणून तूस रोज खालवर करायचं. पिल्लांचं आधी आटपायचं आणि मगच मोठ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं, उलट कधीच नाही.

तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्या, साधारण १८ ते २० आठवड्यांनी अंड्यावर येतात. त्याआधी घाईने उजेडाचे तास वाढवले तर अंडी लवकर येतात खरी, पण बारीक, आणि पक्ष्याचं अंग बाहेर यायची भीती वेगळीच. लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, जास्त चुन्याचं खाद्यही फार आधी द्यायचं नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. दिव्याचा तक्ता आम्ही दारावरच टांगलाय. बटणाला मात्र सासरे कुणाला हात लावू देत नाहीत.