बेल्ट नव्हे, मोटर नव्हे: माझ्या जुन्या टर्नटेबलचा वेग कुठे अडला होता

जुना बेल्टवाला टर्नटेबल हाती आला तेव्हा रेकॉर्ड ठेवून सुई टेकवण्यापलीकडे मला काहीच येत नव्हतं. नवी सुई बसवली. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवलं, तिथे आकडा शून्यावर आणला आणि मग माझ्या कार्ट्रिजला (सुई बसते त्या डबीला) लागतो तो 2 ग्रॅमचा दाब दिला. हे एका संध्याकाळी उरकलं. वेगाने मात्र दीड महिना खाल्ला.

पहिल्या ओळीतच कळायचं की सूर उतरलाय. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवतात त्या फिरत्या तबकाच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजले. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला 3 मिनिटांत बरोबर 100 फेरे व्हायला हवेत. माझे होत होते 94. म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली.

ज्याला विचारावं तो म्हणे, बेल्ट बदल. जुना बेल्ट मोजून तेवढाच मागवला, दोन आठवडे वाट पाहिली, आणि आला तो ढिला. वर्षानुवर्षं ताणलेल्या बेल्टचं माप घ्यायचंच नसतं. पुली (मोटरवरची छोटी चाकी) आणि प्लॅटरच्या आतल्या कडेभोवती दोरा फिरवून माप घ्यावं आणि त्याहून किंचित आखूड बेल्ट मागवावा. दुसरा बेल्ट घट्ट बसला. फेरे 96.

मग दुरुस्तीला दिला. आठ दिवसांनी उत्तर मिळालं, "मोटर गेली, आता मिळायची नाही." प्लॅटर उचलूनही पाहिला नव्हता, मी चिकटवलेला कपटा जिथल्या तिथे होता. तो राग अजून गेलेला नाही. कारण खरी तपासणी मिनिटभराची आहे: बेल्ट काढा, प्लॅटरला हाताने हलकेच गती द्या आणि सोडून द्या. चांगला असेल तर तो बराच वेळ फिरत राहतो. माझा चौथ्या फेऱ्यालाच थांबला. बेल्टशिवाय मोटर मात्र बिनआवाजाची, मोकळी फिरत होती. बिचारीवर उगाच आळ आला होता.

प्लॅटर काढून खालचा दांडा वर ओढला तर तो मधातून निघावा तसा चिकटत आला. टोकाला तपकिरी, घट्ट राळेसारखं काहीतरी होतं. कधीकाळचं वंगण ते! त्यातच ज्वारीच्या दाण्याएवढी एक पोलादी गोळी अडकली होती. सगळा भार हीच पेलते, म्हणून दांडा काढताना खाली पांढरं फडकं नक्की पसरा. ती घरंगळून हरवली तर पुढचं सगळं थांबलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले कापसाचे बोळे काडीला गुंडाळून आतली नळी पुसली; बोळा पांढरा बाहेर यायला अकरा लागले. गोळी परत टाकली, शिलाई मशीनच्या तेलाचे तीन थेंब सोडले आणि दांडा वरून सोडला. तो धपकन पडला नाही. आतली हवा बाहेर सारत सावकाश, एका लयीत खाली उतरत गेला. ते पाहतानाच मला खात्री पटली.

3 मिनिटं. 100 फेरे. तीन वेळा मोजले.

स्वयंपाकाचं तेल चुकूनही घालू नका, त्याचीच पुढे राळ होते. बेल्ट बसवल्यावर अल्कोहोलने पुसून घ्या. बोटांचा तेलकटपणाही त्याला घसरवतो. पण हेच अल्कोहोल लाखेच्या जुन्या 78 च्या तबकड्यांना लावू नका, त्या खराब होतात.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: 3 मिनिटांत साधारण 83 फेरे येत असतील तर काहीही खोलू नका. 60 हर्ट्झच्या विजेसाठीची पुली 50 हर्ट्झवर चालली की वेग बरोबर एक षष्ठांशाने घटतो. अशा वेळी पुलीच बदलावी लागते. रेघांच्या चकतीने (दिव्याच्या लुकलुकीत तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) वेग तपासत असाल तर 50 हर्ट्झला 180 रेघांची घ्या. काही एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, त्यांच्या उजेडात रेघा स्थिर दिसणारच नाहीत. त्यापेक्षा कपटा बरा.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर मागची सुटी अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडली आहे का ते आधी बघा. माझी लोंबकळत होती.