उलटी भिशी आणि युरोपातले 40 दिवस

युरोपला जायचं ठरलं ते जानेवारी 2024 मध्ये, सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत. पाळण्यातून उतरून भजी खाताना डॉक्टर म्हणाला, "चाळिशीच्या आत एकदा पाठीवर पिशवी टाकून जाऊया की बे." आम्ही चौघं शाळेपासूनचे. टोपणनावांनीच सांगतो. डॉक्टर म्हणजे दात काढणारा. मालक, ज्याच्या घरचा टॉवेलचा कारखाना आहे. सर, खासगी क्लासमध्ये गणित शिकवणारे. आणि मी, करसल्लागाराच्या ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब जुळवणारा. म्हणून बजेट माझ्या गळ्यात पडलं.

पैसे साठवायला आम्ही भिशी लावली, पण उलटी. दरमहा प्रत्येकी 10,000 टाकायचे आणि कुणीच उचलायची नाही. रक्कम सरांच्या खात्यात जमा करायची. चौघांत सरांचा पगार सगळ्यात कमी, आणि नेमकं म्हणूनच पैसे त्यांच्याकडे सुरक्षित राहतील यावर सगळ्यांचं एकमत होतं. मे 2025 पर्यंत 17 हप्ते झाले, प्रत्येकाचे 1,70,000. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा ज्याने त्याने वेगळा काढायचा.

दिवसाचा खर्च मी माणशी 55 युरो धरला होता. होस्टेलमधल्या सामाईक खोलीतला पलंग 25, खाणं 14, बस-रेल्वे 9, तिकिटं आणि किरकोळ 7. ही 40 दिवसांची सरासरी होती. रोम-पॅरिसला आकडा वर जाणार, क्राकूव्ह-बुडापेस्टला खाली येणार. 40 दिवसांचे 2,200 युरो झाले. जानेवारी 2024 मध्ये युरो नव्वदीत होता, म्हणजे 1,98,000 रुपये. भिशीत कमी पडणारे 28,000 शेवटी घालू, असं ठरलं.

इथे मी ऑफिसात कधीच केली नसती अशी चूक केली. दर एकदा लिहिला आणि तो खोडलाच नाही. फेब्रुवारी 2025 पर्यंत युरो नव्वदीच्याच आसपास घुटमळत होता, म्हणून मी निवांत होतो. मग तो चढायला लागला. जुलैत शंभरी, सप्टेंबरमध्ये निघताना 103. तेच 2,200 युरो आता 2,26,600 रुपयांचे झाले. माणशी 28,600 जास्त, म्हणजे भिशीचे जवळजवळ तीन हप्ते हवेत उडाले. दर दोन महिन्यांनी थोडे थोडे युरो प्रवासाच्या फॉरेक्स कार्डात भरत गेलो असतो, तर हा फटका निम्मा तरी कमी बसला असता. भिशी रुपयांत जमवायची आणि खर्च युरोत करायचा, तर मधला दर हाच खरा पाचवा मेंबर असतो.

दुसरा घोटाळा भिशीमुळेच झाला. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाला, बँकेचं स्टेटमेंट लागतं, आणि पैसे आपल्या खात्यात नियमित असल्याचं त्यात दिसावं लागतं. आमच्या तिघांच्या खात्यात मात्र मे महिन्यात एकाच दिवशी, एकाच माणसाकडून 1,70,000 रुपये आले. कागद तपासून देणाऱ्या एजंटाने चष्म्यावरून पाहिलं. "हे उसने आणलेले वाटतात," तो म्हणाला. दाखवण्यापुरते पैसे फिरवणारे लोक असतात, तसे आम्ही दिसत होतो. त्यात सरांचं खातं तर आणखी गमतीदार. 17 महिने तीन माणसं दरमहा 10,000 देतायत आणि एक दिवस सगळं रिकामं.

मग मी जे पोटापाण्यासाठी करतो तेच केलं. भिशीच्या वहीतलं पान न् पान झेरॉक्स केलं, सरांच्या खात्याचं 17 महिन्यांचं स्टेटमेंट जोडलं, कोणत्या तारखेला कुणाचा हप्ता आला याचा तक्ता केला आणि चौघांच्या सह्यांचं साधं पत्र वर लावलं. सोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारकच आहे, तो घेतला. होस्टेलं फुकट रद्द होतील अशीच बुक केली. सगळ्यात जास्त रात्री इटलीत, 11, म्हणून अर्ज इटलीचा. फी 90 युरो, शिवाय व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, बोटांचे ठसे देऊन परत आलो. चौघांनाही व्हिसा मिळाला. भिशी लावणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातच साठवा.

28,600 चं काय करायचं, यावर नव्या पेठेत चहा पिताना मोठं भांडण झालं. मालक म्हणाला, "असू दे रे, जे कमी पडेल ते मी टाकतो." सर काहीच बोलले नाहीत. घरी जाताना मला म्हणाले, "मी येत नाही." तेव्हा मला कळलं की माझ्या तक्त्यात एक ओळच नव्हती. सरांची रजा बिनपगारी होती. 40 दिवस पगार नाही, घराचा हप्ता मात्र चालू. मालकाला सुट्टीने काही फरक पडत नव्हता, डॉक्टरचं क्लिनिक त्याचा भाऊ बघणार होता, आणि मला अर्धी रजा पगारी होती. प्रत्येकाचा खर्च सारखा धरला, की सगळ्यात बारीक खिशाच्या माणसावर जास्त ओझं पडतं, हे दुसऱ्यांचे हिशेब करणाऱ्या मला उशिरा सुचलं.

दुसऱ्या दिवशी तक्ता पुन्हा मांडला. सामाईक खर्च सरांना झेपेल तेवढाच: पलंग, किराणा, शहरा-शहरांतल्या बसेस. बाकी सगळं ज्याचं त्याचं. आणि "असू दे रे, मी देतो" हे वाक्य 40 दिवस बंद. मालकाला हे सगळ्यात जड गेलं. त्याला युंगफ्राउला, स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या शिखराकडे, जायचं होतं, आणि त्या रेल्वेचं भाडंच 200 फ्रँकच्या वर. तो पॅरिसहून दोन दिवस एकटा स्वित्झर्लंडला जाऊन आला. कुणाला काही वाटलं नाही. लूव्र संग्रहालयाला 22 युरो होते. डॉक्टर आणि मी आत गेलो, सर सेन नदीच्या काठावर पाव खात बसले आणि संध्याकाळी आमच्यापेक्षा जास्त पॅरिस पाहून आले.

रस्ता असा: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मग व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्राकूव्ह, प्राग, बर्लिन, पॅरिस. व्हेनिसच्या बेटावर न राहता समोरच्या मेस्त्रेत राहिलो. अनेक देशांत चालणाऱ्या रेल्वे पासची बेरीज मी तीनदा केली. आमच्या नऊ थांब्यांना आधी काढलेली बसची तिकिटंच स्वस्त पडत होती, आणि इटली-फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे लागतात. रात्रीची बस दोनदाच केली. पलंगाचे 25 युरो वाचतात खरे, पण दुसरा दिवस मान धरून जातो.

बजेट गळतं ते बारीक छिद्रांतून. रोममध्ये पलंगाच्या भाड्यावर शहराचा कर वेगळा. हॉटेलात बसलं की माणशी 'कोपेर्तो', म्हणजे ताट मांडायचेच पैसे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून महाग. स्टेशनवरच्या शौचालयाला युरो. उलट पाणी फुकट. रोमच्या रस्त्यांवरचे नळ आणि व्हिएन्नाचं डोंगरातून येणारं नळाचं पाणी, दोन्ही बिनधास्त प्या. जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट ठेव असते. मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळते. बर्लिनला सर रोज संध्याकाळी आमच्या बाटल्या गोळा करायचे, आणि त्यातून केळी यायची.

बुडापेस्टला एका चौकातल्या एटीएमने मालकाला विचारलं, पैसे रुपयांत कापू का? त्याला आपुलकी वाटली, 'हो' दाबलं. तिथला दर बघून मीच खाली बसलो. अशा वेळी नेहमी त्या देशाचंच चलन निवडायचं. तो भुर्दंड ज्याचा त्याचा, या नियमात बसला.

खाण्याचे 14 युरो दिवसाला पुरले, त्याचं श्रेय कडक भाकरीला. चौघांनी मिळून शंभर नेल्या होत्या, शिवाय दोन किलो शेंगाचटणी. आईने तूप आणि पेढेही बांधले होते, पण दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत म्हणून ते घरीच ठेवले. होस्टेलच्या स्वयंपाकघरात डाळ शिजवायची, त्यात भाकरी कुस्करायची, वरून चटणी आणि तिथलं घट्ट दही. तिसऱ्या आठवड्यात भाकरीचा चुरा झाला होता, पण चुराच हवा होता. क्राकूव्हला एका कोरियन मुलाने चटणी चाखली आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली.

शेवटी माणशी 2,130 युरो खर्च झाले, मालकाचं स्वित्झर्लंड वगळून. दर वाढल्याचा फटका तसाच राहिला, पण 70 युरो खाली आलो. उरलेल्या नोटा मुंबईत बदलून घेतल्या. नाणी कुणीच घेत नाही, हे तिथे कळलं. ती सगळी, 19 युरो आणि काही सेंट, चटणीच्या रिकाम्या डब्यात आहेत. डबा सरांकडे आहे.