मुलं किती?

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "मुलं किती?" मी म्हणालो, "दोन." समोर तर एकटा धाकटाच जेवत होता. पाहुणे बघत राहिले आणि बायकोनं विषय बदलला. मार्केट यार्डात, बालवाडीच्या फाटकाशी, सगळीकडं हेच होतं. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मोठी मुलगी होती. २०१८ च्या गणपतीत झाली, सहा महिने अकरा दिवस जगली.

दोन महिन्यांची झाली तरी पाय उचलेना. निजवली की पाय बेडकासारखे फाकायचे. श्वास घेताना पोट हलायचं, छाती हलायची नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पाय जागचा हलला नाही. रक्ताच्या तपासणीत निघालं, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, टाइप १, म्हणजे स्नायू लुळे पडत जाणारा आनुवंशिक आजार. आम्ही दोघंही वाहक. आम्हाला त्रास काहीच नाही, पण प्रत्येक बाळाला चारात एक धोका. घरात मात्र जुलैमधलं ग्रहण निघालं. हिनं त्या रात्री ग्रहण पाळलं नाही म्हणे. ते बोलणं हिच्या अजून मनात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. जितका दोष हिच्या रक्तात, तितकाच माझ्या.

या आजारात बुद्धीला काही होत नाही. माझ्या गाडीचा आवाज आला की पोरीचे डोळे दाराकडं वळायचे. मान वळत नव्हती, नुसते डोळे. जानेवारीपासून हळदीचा हंगाम. ती धूळ तिच्या छातीला नको म्हणून अंघोळ केल्याशिवाय मी तिला घेत नसे, तरी नखांतला पिवळा जायचा नाही. माझं बोट तिच्या मुठीत मीच ठेवायचो, आणि ती मूठही मीच मिटायचो.

या आजारावरचं सोळा कोटींचं इंजेक्शन का नाही दिलं, असंही विचारतात. ते अमेरिकेत मंजूर झालं मे २०१९ मध्ये. ती मार्चमध्ये गेली.

एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. तिरडी नाही, खांदेकरी नाहीत. मी हातांवर नेली. मीठ घालताना बघितलं, नखं पिवळीच होती. दहावं नाही, तेरावं नाही. जो तो म्हणाला, "वहिनींना सांभाळा." मी तिसऱ्या दिवशी सौद्याला उभा होतो.

ऑगस्टात महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. लोक धान्य, कागदपत्रं माडीवर चढवत होते. मी ज्याला त्याला पातळी विचारत होतो. तिला पुरलेली जागा नदीकाठचीच. पाणी ओसरल्यावर गेलो तर सगळीकडं सारखाच गाळ, खुणेचा दगडही नाही. चप्पल काढून बराच वेळ उभा राहिलो. तिथंच कुठंतरी आहे, एवढंच आता सांगता येतं.

धाकटा २०२१ चा. तिसऱ्या महिन्यात वारेचा तुकडा तपासायला दिला होता, अहवाल येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. तो ठणठणीत आहे.

म्हणून मी दोन म्हणतो. ऐकून गप्प होऊ नका. नाव काय होतं, असं विचारा. बारशाला हौसेनं ठेवलेलं नाव, आता घरातसुद्धा कुणी घेत नाही. मला ते सांगायला आवडेल.