इझनिक टाइल: लाल आला, पण एकाच पाकळीत

तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या जुन्या टाइल्सवरचा लाल घरच्या भट्टीत जमवायची खटपट चालू आहे. कालच्या फायरिंगमधून, म्हणजे भाजणीतून, शेवटी तो लाल बाहेर पडला. लाल म्हणजे लालच, विटकरी नाही की चॉकलेटी नाही. गोम एवढीच, की ट्युलिपच्या तीन पाकळ्यांपैकी तो फक्त मधल्या पाकळीत आहे. बाजूच्या दोन्ही नेहमीप्रमाणे तपकिरी.

कोबाल्टचा निळा आणि टर्कॉईज आता त्रास देत नाहीत. टोचलेल्या कागदावर कोळशाची पुरचुंडी आपटून उतरवलेली नक्षीही यावेळी कुठे सरकली नाही. देठाचा बाक मनासारखा आलाय. ऑटोमन सुलतान सुलेमानच्या दरबारी चित्रशाळेचा प्रमुख कारा मेमी, ज्याने बागेतली ट्युलिप, कार्नेशन, हायसिंथ नक्षीत आणली, त्यानेही तो चालवून घेतला असता. असो, स्वतःची पाठ थोपटून झाली.

आता लालाकडे. हा लाल तसा रंग नाहीच, माती आहे. १५५७ साली पुऱ्या झालेल्या, इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीच्या टाइल्सवर तो दिसतो आणि थोड्याच वर्षांत त्याच वास्तुकाराने, सिनानने, बांधलेल्या रुस्तम पाशा मशिदीत तर जिकडे पाहावं तिकडे लाल ट्युलिप. लोहयुक्त मातीची जाड स्लिप म्हणजे पाण्यात कालवलेला लेप, तिच्यात बारीक क्वार्ट्झ, वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर. स्लिप जाड असते म्हणून ग्लेझखाली उंचवटा राहतो, बोट फिरवलं की लागतो. पातळ लावली की ग्लेझ लोह खाऊन टाकतं आणि हाती तपकिरी उरतो. माझ्या मधल्या पाकळीवर ब्रश भरून थेंब बसला होता, तिथेच लाल तगला. तिथे नख अडकतं, बाजूला सरळ घसरतं.

अस्सल ग्लेझमध्ये शिसं असायचं. लेड फ्रिट (शिसं घालून वितळवलेल्या काचेची पूड) वापर, असं मला पुन्हा कुणी सुचवू नये. घरात भट्टी आहे आणि लहान मूलही. बोरॉन फ्रिटवरच जमवायचं.

स्लिपसाठी लागणाऱ्या गेरूचा दुकानदारही बदललाय. आधीच्याने ‘एकदम शुद्ध’ म्हणून दिलेल्या गेरूवर व्हिनेगर टाकलं तर फसफसून आलं. खडूच्या भावात खडू घेतला असता की!

कार्नेशनवर हात बसव, मग ट्युलिपकडे वळ, असा सल्ला मिळाला होता. कातरलेल्या पाकळ्यांत थर कमीजास्त झाला तरी खपतो, हे खरं. पण मला ट्युलिपच हवं. अरबी लिपीत लाले म्हणजे ट्युलिप, अल्लाह आणि हिलाल म्हणजे चंद्रकोर, तिन्हींची अक्षरं तीच, अबजदच्या, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या, हिशेबात प्रत्येकाची बेरीज ६६. ज्या भिंतीवर माणसाचं चित्र काढायचं नाही, तिथे या फुलाला एवढा मान का, ते कळतं.

गंमत पुढे आहे. सुलतान तिसरा अहमद आणि त्याचा वजीर दामाद इब्राहिम पाशा यांच्या काळाला, १७१८ ते १७३०, पुढे नावच पडलं ‘लाले देवरी’, ट्युलिपचा काळ. सुईसारख्या निमुळत्या पाकळ्यांच्या कंदांसाठी लोक वेडे झाले होते. आणि नेमका तेव्हाच टाइलवरचा लाल हरवलेला! सतराव्या शतकातच इझनिकचा लाल तपकिरीकडे झुकला होता, मग तिथल्या भट्ट्याही थंडावल्या. पाशाने इस्तंबूलला तेक्फुर राजवाड्यात नव्या भट्ट्या लावल्या, पण तो लाल काही परत आला नाही. खुद्द वजिराला नाही जमलं, तेव्हा माझ्या दोन तपकिरी पाकळ्यांना कुणी हसू नये.

पुढच्या फायरिंगला सोक (वरच्या तापमानाला भट्टी धरून ठेवायचा वेळ) कमी करून स्लिपचे तीन थर द्यायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं, गेरूच कशाला? कोकणातली काव, म्हणजे तांबडी माती, का नको? गोव्यापर्यंतच्या देवळांच्या भिंतींवरचं कावी काम तिच्यातलंच. जांभ्याच्या मातीत लोहासोबत ॲल्युमिनाही भरपूर, म्हणजे ग्लेझमध्ये ती सहजी विरघळू नये, असा माझा कयास. तर थर तीनच, पण अर्ध्या टाइल्स गेरूच्या, अर्ध्या कावेच्या. सावंतवाडी-मालवणकडचं कुणी असेल तर मूठभर काव पाठवा. आणि पाठवण्याआधी व्हिनेगर टाकून बघा.