चारशे गुणांच्या फरकाची बरोबरी

बुद्धिबळातलं माझं फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग १६१०, समोरच्या खेळाडूचं २०१०. एवढा फरक असला की रेटिंगचा तक्ता कमी रेटिंगवाल्याकडून डावामागे ०.०८ गुणाची अपेक्षा धरतो, म्हणजे शंभर डावांत आठ गुण. हा आकडा मला पाठ होता, आणि तोच नडला.

काळी मोहरी असूनही चोविसाव्या चालीला माझा डाव चांगला होता. घोडा पटाच्या मधोमध रोवलेला, त्यांचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला. मी चाल केली, ‘बरोबरी?’ असं विचारलं आणि मग घड्याळ दाबलं. क्रम नियमाला धरून होता, पण विचारण्याची ती वेळच नव्हती. ते काही बोलले नाहीत. बारा मिनिटांनी सोंगटी उचलून चाल केली, हाच नकार. त्या बारा मिनिटांत मी पट पाहतच नव्हतो, त्यांचा चेहरा पाहत होतो. पुढच्या सहा चालींत माझं एक प्यादं गेलं.

मोहरी कटत कटत त्यांच्याकडे हत्ती आणि ई स्तंभातलं प्यादं उरलं, माझ्याकडे नुसता हत्ती. इथे मात्र मला नेमकं ठाऊक होतं. फ्रेंच खेळाडू फिलिडोरनं अठराव्या शतकात दाखवलेला बचाव: आपला राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती पांढऱ्याच्या बाजूनं मोजलेल्या सहाव्या ओळीत. त्यांच्या राजाला पुढे यायला जागाच मिळत नाही. प्यादं सहाव्या ओळीत सरकलं की लगेच हत्ती पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसा उरत नाही. तिथे एक चाल उशीर झाला तर मात. वीसेक चाली मी हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे फिरवला. चालीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांवरच तगलो होतो.

अखेर प्यादं ई६ वर, म्हणजे सहाव्या ओळीत आलं. हत्ती खाली, शह, पुन्हा शह. त्यांचा राजा डी६ आणि ई५ मध्येच फिरत राहिला. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार हे दिसताच मी चाल कागदावर लिहिली, पटावर केली नाही, घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं. त्यांनी नोंदी ताडून बरोबरी दिली. माझा के (रेटिंग किती बदलेल ते ठरवणारा गुणक) २०, त्यामुळे रेटिंगचे ८.४ गुण वाढले.

सह्या झाल्यावर त्यांनी चोविसाव्या चालीची स्थिती पुन्हा मांडली आणि माझा घोडा त्यांच्या राजासमोरच्या प्याद्यावर ठेवला. ‘हा इथे दिला असता तर?’ अर्धा तास आम्ही शोधलं. त्यांच्या राजाला वाट सापडली नाही.