दिवाळी अंकांची सूची: आपोआप भरणारी फील्ड्स जँगो ॲडमिनमध्ये

जुन्या दिवाळी अंकांच्या सूचीसाठी जँगोमध्ये (पायथन भाषेतील वेबसाइट बनवण्याची चौकट) जो छोटा प्रकल्प उभा करत आहे, त्यात या टप्प्यावर प्रत्येक नोंद केव्हा तयार झाली, शेवटची केव्हा बदलली आणि तिचा यूयूआयडी (नोंदीचा एकमेव ओळख क्रमांक) काय आहे, ही माहिती ॲडमिनच्या, म्हणजे नोंदी भरण्याच्या जँगोच्या तयार पानांच्या, फॉर्मवर आणली.

तारखेच्या फील्डला ऑटो_नाऊ_ॲड (नोंद तयार होतानाची वेळ भरणारा पर्याय) किंवा ऑटो_नाऊ (दर सेव्हला वेळ भरणारा पर्याय) लावले की जँगो त्याला स्वतःहून एडिटेबल=फॉल्स, म्हणजे हाताने न बदलता येणारे, करतो आणि ॲडमिनचा फॉर्म ते वगळतो. फॉर्मवर दाखवायच्या फील्ड्सच्या यादीत नुसते नाव लिहून भागत नाही, उलट फील्डएरर ही त्रुटी येते. तेच नाव रीडओन्ली_फील्ड्समध्येही (फक्त वाचायच्या फील्ड्सची यादी) घातले की तारीख साध्या मजकुरासारखी दिसू लागते. लिस्ट_डिस्प्लेला, म्हणजे नोंदींच्या यादीच्या पानावरील रकान्यांना, ही अट नाही.

रीडओन्ली ठेवलेल्या यूयूआयडीचे वागणे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याची डीफॉल्ट किंमत यूयूआयडी४ या फंक्शनमधून येत असल्यामुळे नवीन नोंदीचे पान उघडताच तिथे एक पूर्ण क्रमांक दिसतो, तर तयार झाल्याच्या तारखेच्या जागी नुसती आडवी रेघ असते. सेव्ह करताना जँगो नवा ऑब्जेक्ट बनवतो आणि त्याला वेगळाच यूयूआयडी मिळतो, म्हणजे पानावर दिसलेला क्रमांक कुठेच साठवला जात नाही. तो पाहून कोणी अंकाच्या पाकिटावर लिहून ठेवला, तर ते पाकीट सूचीत कधीच सापडणार नाही. म्हणून रीडओन्ली यादी ठरवणारे गेट_रीडओन्ली_फील्ड्स हे फंक्शन ओव्हरराइड करून, ऑब्जेक्ट नन असेल, म्हणजे नोंद अजून तयार झालेली नसेल, तेव्हा रिकामा टपल (रिकामी यादी) परत देतो. फील्डसेट्स (फॉर्मवरील फील्ड्सचे गट) स्वतः लिहिले असतील, तर गेट_फील्डसेट्समध्येही तीच तपासणी हवी. माझ्या मते आपोआप भरणारे कोणतेही फील्ड नोंद जन्माला येण्यापूर्वी दाखवूच नये.

वेळा भारतीय दिसाव्यात म्हणून टाइम_झोन ही सेटिंग एशिया/कोलकाता केली आहे. नव्या प्रकल्पात ती यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) असते आणि मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत केलेली नोंद आदल्या दिवसाची दिसते.

अनेक अंकांचा प्रकाशक एकदम बदलणारी ॲडमिन ॲक्शनही (यादीत निवडलेल्या नोंदींवर एकत्र चालणारी कृती) लिहिली. क्वेरीसेटचे, म्हणजे निवडलेल्या नोंदींच्या संचाचे, अपडेट हे सेव्हच्या वाटेने जात नाही, त्यामुळे ऑटो_नाऊची वेळ जुनीच राहते. म्हणून त्याच अपडेटमध्ये बदलाच्या फील्डला टाइमझोन.नाऊ, म्हणजे आत्ताची वेळ, स्पष्टपणे देतो.

आता जँगो ५.० पासून मिळणारे जनरेटेडफील्ड (इतर फील्ड्सवरून डेटाबेस स्वतः किंमत काढतो असे फील्ड) वापरून प्रकाशनवर्षावरून दशक काढण्याचे काम हाती घेतले आहे. तेही एडिट करता येत नाही, त्यामुळे त्याची जागा याच रीडओन्ली गटात राहील.