हार्टलपूलमधलं मुंबईचं सागवान

इंग्लंडच्या ईशान्य भागात पाहुणे आले की लोक त्यांना आधी डरहमचं कॅथीड्रल दाखवतात. आम्ही आमच्या पाहुण्यांना आधी हार्टलपूलला नेतो. तिथल्या गोदीत तीन डोलकाठ्यांचं जुनं लढाऊ जहाज 'एचएमएस ट्रिंकोमाली' उभं आहे आणि ते मुंबईत बांधलेलं आहे.

बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारचं सागवान. ब्रिटिश नौदलाने 1812 मध्ये हे जहाज मागवलं खरं, पण बांधणीचे नकाशे घेऊन मुंबईकडे निघालेलं 'जावा' हे जहाज अमेरिकनांच्या तावडीत सापडून वाटेतच संपलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. अखेर 1816 मध्ये कणा, म्हणजे तळाची मुख्य तुळई, बसवला, पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरलं. तोवर ज्याच्याशी लढायला ते हवं होतं, तो नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत पोचला होता! म्हणजे वऱ्हाड आलं ते लग्न उरकल्यावर.

मग काय, 1819 मध्ये पोर्ट्समथला पोचताच त्याला बाजूला ठेवून दिलं. पाव शतकाहून जास्त काळ ते तसंच पडून होतं. ओकच्या जहाजाचं एवढ्या काळात काय झालं असतं, ते सांगायला नको. सागवानातल्या तेलामुळे हे टिकलं. पुढे तोफा कमी करून 1847 मध्ये त्याला कामाला लावलं. आधी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज, नंतर 1852 ते 1857 पॅसिफिक. क्रिमियन युद्धात तिकडे रशियनांवर नजर ठेवली, पण मोठी लढाई नशिबी आली नाहीच. आमचे पाहुणे हे ऐकून थोडे हिरमुसतात.

वाफेची जहाजं आल्यावर त्याचं प्रशिक्षण जहाज झालं, काही वर्षं तर इथेच, हार्टलपूलला. 1897 मध्ये ते भंगारात निघालं होतं. त्याच वर्षी व्हीटली कॉब यांचं 'फुद्रॉयां', एकेकाळचं ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं जहाज, ब्लॅकपूलला वादळात फुटलं. त्यांनी हे विकत घेतलं आणि त्याला तेच नाव दिलं. मूळ नाव परत मिळालं ते थेट 1992 मध्ये, इथे दुरुस्ती चालू असताना.

आजही तरंगणारी याहून जुनी ब्रिटिश युद्धनौका नाही. पोर्ट्समथचं 'व्हिक्टरी' वयाने मोठं, पण ते कोरड्या गोदीत टेकवलेलं. आम्ही ते धरत नाही. इकडे आलात तर खालच्या डेकवर वाकूनच चाला, छत फार बुटकं आहे.